तीन वह्या आणि गच्चीवरचा अँटेना

मी, शालिग्राम दौलत इंगोले, वय सत्त्याहत्तर, धंदा विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून देणे (आता बंद), राहणार मालेगाव, जिल्हा वाशीम, हे स्वखुशीने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. कान जरा कमी चालतात, पण लिहायला कान लागत नाहीत. कुणी धाक घातलेला नाही. या वयात मला धाक घालायला उरलंय कोण? डॉक्टर म्हणतात, हृदय थकलं. यापूर्वी मी मृत्युपत्र केलं नाही, कारण ज्याच्या नावाने करायचं तो माझा एकुलता एक मुलगा राजपाल बाराव्या वर्षीच, १९८७ च्या उन्हाळ्यात, धरणात बुडून गेला.

१. राहतं घर, दोन खोल्या आणि वर गच्ची, पुतण्या हरीओम याला द्यावं. मात्र गच्चीवरचा अँटेना काढू नये. भंगारवाला गल्लीत शिरला की हरीओमचे हात शिवशिवतात, हे मला ठाऊक आहे. त्या अँटेनाचं कारण पुढे येईल.

२. तार भरायचं मशीन आणि सगळी हत्यारं बसस्टँडजवळच्या लखनला द्यावीत. त्याने माझी निम्मी गिऱ्हाइकं गोड बोलून पळवली. पण तार नीट भरतो, आणि हत्यार गंजण्यापेक्षा शत्रूच्या हाती गेलेलं बरं.

३. बँकेतली ठेव माझी मोठी बहीण धनीबाई, राहणार कामरगाव, हिच्या औषधपाण्याला लावावी. ती नव्वदीला टेकली आहे, खाटेवरून उठत नाही. पाच भावंडांत आता आम्ही दोघंच. दर सोमवारी फोन करून विचारते, "शालिग्राम, तू हायस ना रे बापा?" मी म्हणतो, "हाव बाई, हाओ मी." मग ती फोन ठेवते. दुसरं काही बोलत नाही.

४. आता तीन वह्या. माझी खरी इस्टेट हीच आहे, आणि हीच मला छळते.

राजपाल गेल्यावर मी कामातून गेलो होतो. कुणाच्या मयताला जात नव्हतो. दुकानात कुणी मेल्याची गोष्ट काढली की मोटार अर्धी टाकून उठायचो. बायको तुळसाबाई मात्र सारखी कामाला जुंपलेली असायची. तिचं मन रमावं म्हणून १९८८ साली मी काळापांढरा टीव्ही आणला. रविवारी दुपारी परप्रांतातला पिक्चर लागायचा. पहिलाच लागला तो मल्याळी. त्यात कुणी नाचत नव्हतं. चहाची टपरी, चिखल, लुंगी खोचून वाद घालणारी माणसं. हे तर आपलेच लोक, फक्त पाऊस जास्त, असं मला वाटलं. मी चौथी पास, ती अकोल्याला मॅट्रिक झालेली. खालच्या इंग्रजी ओळी ती वाचून मला आपल्या भाषेत सांगायची. सोमवारी मी त्या पिक्चरवर माझं मत वहीत लिहून काढायचो.

अशी छप्पन्न मतं आहेत. पहिल्या वहीत नुसती तारीफ आहे. हे लोक गरिबाला गरीब दाखवतात, उगाच गाणं म्हणायला लावत नाहीत. दुसऱ्या वहीत, म्हणजे केबल आल्यानंतरच्या, मी शिव्या घातल्या आहेत. तेव्हा त्यांचाही नायक मिशा पिळायला लागला, एका लाथेत दहा माणसं उडवायला लागला, आणि बायका चहाचा ट्रे धरून दारात उभ्या राहायला लागल्या. हा पडता काळ. तिसऱ्या वहीत, मोबाइल आल्यावरच्या, पुन्हा मान डोलावली आहे. साधी घरं, स्वयंपाकघरातली खरी भांडी, पडलेल्या चेहऱ्याचा नायक. फक्त हल्ली खून फार झाले आणि हुशारी मिरवायची खोड लागली.

पण पहिल्या वहीत एक दोष मी पुन्हा पुन्हा नोंदवला आहे. "ज्याला पाहावं तो शेवटी दुबईला जातो. दिग्दर्शकाला दुसरं काही सुचत नाही का? बापाने पोराला अडवायला पाहिजे होतं." अशी वाक्यं वीसेक ठिकाणी तरी सापडतील.

५. बबनराव, निवृत्त इंग्रजी शिक्षक, राहणार मालेगाव, यांच्याविषयी. १९९४ साली ते माझ्या दुकानात बसून म्हणाले, "शालिग्राम, कालच्या पिक्चरमधी पोट्टं मेलं ना गा." मी म्हटलं, "मेलं नाही, दुबईले गेलं." शब्दाने शब्द वाढला. मी घरातून तुळसाला बोलावलं. ती पदराने हात पुसत आली आणि चार माणसांसमोर म्हणाली, "दुबईलेच गेलं. मी सोता वाचलं." बबनराव तिच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "असन बाई. माह्याच वाचण्यात चुकलं." मी त्यांना खोटारडा म्हणालो, आणि त्यानंतर एकतीस वर्षं एक शब्द बोललो नाही.

तुळसा २०२२ साली गेली. मागच्या महिन्यात दिवाळीला हरीओमची मुलगी वैष्णवी वाशीमच्या कॉलेजातून आली होती. तिने पहिल्या वहीतला एक पिक्चर मोबाइलवर शोधून टीव्हीला जोडला आणि ओळी वाचून दाखवायला लागली. शेवट जवळ आला तसा मी उठून जिन्याकडे निघालो. ती म्हणाली, "आबा, कुठी चालले? चित्र तं साफ हाय."

मी तिथेच थांबलो. त्या काळी नेमक्या याच वेळी तुळसा म्हणायची, "चित्र हलून राह्यलं, वर जाऊन अँटेना फिरवा." मी गच्चीवर जायचो. वरून ओरडायचो, "आलं का?" ती खालून म्हणायची, "नाही अजून." पुन्हा फिरवायचो, पुन्हा विचारायचो. शेवटी ती म्हणायची, "आलं, या आता खाली." आणि मी खाली आलो की मुलगा दुबईला गेलेला असायचा.

वैष्णवीच्या समोर मी तो शेवट पाहिला. नावेतून पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं पोर उतरवलं. आई काठावर बसली होती. मी वैष्णवीला आणखी आठ पिक्चर लावायला सांगितले. आठही पिक्चरमध्ये पोरगं मेलं, आणि त्या वेळी मी गच्चीवर होतो.

माझं मन राखायला ती ते सगळं एकटी पाहत होती. खाली ती पोराला नावेतून उतरवताना पाहायची आणि वर मी "आलं का, आलं का" म्हणून बोंबलायचो. डोळे कोरडे करायला जेवढा वेळ लागायचा, तेवढाच वेळ ती मला वर ठेवायची. आणि मी खाली येऊन तिलाच बोलायचो, की तुझ्या या लोकांना दुबईशिवाय काही दिसत नाही. टीव्ही मी तिच्यासाठी आणला, या घमेंडीत मी चौतीस वर्षं काढली. तिला एकदाही विचारलं नाही की तुझं कसं चाललंय. याची माफी आता कुणाकडे मागू?

६. म्हणून तीन वह्या वैष्णवीला द्याव्यात. तिने त्या वाचाव्यात, पण पहिली वही दुरुस्त करू नये. त्यातले सगळे मुलगे दुबईलाच राहू द्यावेत.

७. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक बबनराव. साक्षीदाराला काही ठेवू नये असं कागद पाहणारे वकील म्हणाले, आणि सहीला मला तेच हवे आहेत. म्हणून त्यांना वस्तू काही नाही, फक्त माफी. ती मी काल त्यांच्या घरी जाऊन मागितली. ते म्हणाले, "वयनीचं त्वांड पाहूनच समजलं होतं मले. तुले कायले सांगत बसू?"

८. माझं क्रियाकर्म साधं करावं. त्याचा निरोप कामरगावला पाठवू नये. माझा फोन बबनरावांनी जवळ ठेवावा आणि धनीबाईचा आला की सांगावं, शालिग्राम दुबईला कामाला गेला. या वयात कसलं काम, असं ती विचारेल. सांगावं, तिथे मोटारी फार जळतात, आणि हातानं तार भरणारा माणूस मिळत नाही. तिचा विश्वास बसेल, माझ्या हाताचा तिला अभिमान आहे. त्यानंतर ती दर सोमवारी विचारेल, "आला का?" तिला प्रत्येक वेळी एवढंच सांगावं, "नाही अजून."

वाचून, समजून, चष्मा लावून सही केली.

(सही) शालिग्राम दौलत इंगोले

साक्षीदार: १. (सही) बबनराव, निवृत्त शिक्षक, मालेगाव. कलम आठ मान्य.
२. (सही) रामसिंग, शेजारी, मालेगाव

ठिकाण: मालेगाव, जिल्हा वाशीम
तारीख: १७ नोव्हेंबर २०२५, सोमवार. बाईचा फोन सकाळीच येऊन गेला.