अकराव्या किकपर्यंत

प्रिय कप्तान,

टेबलावर पडलेलं नाणं लगेच गप्प बसत नाही. आधी ठण्णकन वाजतं, मग गोल गोल फिरत खरखरतं आणि एकदम थांबतं. मुख्याध्यापकांच्या खोलीतला तो आवाज तीस वर्षं माझ्या कानात घर करून आहे. अंतिम सामना बरोबरीत सुटला होता. टेबलाच्या एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला त्या शाळेची कप्तान, दोघींचे गुडघे चिखलाने माखलेले. तू ‘छापा’ म्हणालीस आणि काटा पडला. करंडक त्या मुलींनी नेला. तू घरी आलीस, बूट माळ्यावर फेकलेस आणि पुन्हा मैदानाकडे फिरकली नाहीस. त्यानंतर तुला कप्तान म्हणायची माझी छाती झाली नाही. आज म्हणतोय त्याला कारण आहे, पण तिथपर्यंत मी जरा वळसा घालूनच येणार. तुझ्या बापाने जन्मभर कविता शिकवल्या, त्याला सरळ रस्ता कुठला ठाऊक असायला!

आधी गुन्हा कबूल करतो. परगावी पुलाच्या कामावर जाताना तू लेकीला माझ्याकडे ठेवलंस आणि एकच गोष्ट बजावलीस, “बाबा, तिला फुटबॉल नको. नाण्यापायी रडणारी एक पोरगी या घरात झाली, तेवढी पुरे.” मी मान डोलावली आणि वर्षभर तिला खेळू दिलं. शाळेच्या संमतीपत्रावर पालक म्हणून सही माझी आहे. पोरीला बोल लावू नकोस. ती दर आठवड्याला विचारायची, “आजोबा, आईला कधी सांगायचं?” मी म्हणायचो, परीक्षा होऊ दे. परीक्षा झाली की म्हणायचो, सुट्टी लागू दे. लांब पाय आणि उड्या बघून मैत्रिणी तिला नाकतोडा म्हणतात. अर्थातच ती गोलकीपर आहे.

काल तिचा अंतिम सामना झाला. वेळ संपली तेव्हा एक-एक. दहा-दहा मिनिटांचे दोन जादा डाव झाले, तरी एक-एक. मी प्रशिक्षकबाईंना विचारलं, “आता मुख्याध्यापकांच्या खोलीत जायचं का?” बाई म्हणाल्या, “आजोबा, कुठल्या काळात आहात? मैदानावरचं मैदानावरच संपवायचं!” पंचांनी नाणं उडवलं खरं, पण ते पहिली किक कुणाची एवढंच ठरवायला. ते गवतात पडलं, आवाजसुद्धा झाला नाही. त्या क्षणी माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं बघ.

मग पेनल्टी सुरू झाल्या. एका शाळेची एक किक, मग दुसरीची एक. पाच-पाच झाल्या, चार-चार गोल. त्यापुढे नियम असा की एकीने मारला आणि दुसरीने चुकवला की खेळ खल्लास, पण संघातल्या प्रत्येकीची किक मारून झाल्याशिवाय कुणाला दुसरी संधी नाही. सहावी, सातवी, आठवी करत दहा-दहा झाल्या, आठ-आठ गोल. आता दोन्हीकडे उरल्या फक्त गोलकीपर. आधी त्यांची आली. तिने कोपरा धरून मारला आणि आपली नाकतोडा आडवी झेपावली. चेंडू बोटांना लागून खांबाबाहेर! मग हातमोजे काढून ही स्वतः चेंडूपाशी गेली. तिने सामन्यात कधी पेनल्टी मारली नव्हती. हसू नकोस, पण आदल्या आठवड्यात सरावाच्या वेळी मीच तिला सांगितलं होतं की कवितेच्या ओळीत मध्येच श्वास घ्यायची जागा असते, तशी धावताना चार पावलांनंतर घे आणि मग मार. बाईंनी तेव्हा कपाळाला हात लावला होता. काल तिने चार पावलं टाकली, श्वास घेतला आणि जाळं मागे ताणलं गेलं. मी, गुडघ्यांचा रोगी माणूस, बाकावर उभा राहून ओरडत होतो! मागचा कुणीतरी म्हणाला, “अहो काका, बसा, दिसत नाही.” मी म्हणालो, “दिसायचं काय राहिलंय आता? ती माझी नात आहे!”

आता खरी गोष्ट. तुझ्या वेळी नाणं उडवायलाच हवं असं नव्हतं. दोन्ही शाळा तयार असतील तर दुसऱ्या दिवशी सामना पुन्हा खेळता येत होता. समोरची शाळा तयार होती. मी आपल्याच शाळेत शिकवत होतो, म्हणून मुख्याध्यापकांनी शाळेचा निर्णय मला विचारला, आणि मी म्हणालो, “नाणं उडवून टाका.” कारण दुसऱ्या दिवशी माझी कवितापाठांतराची स्पर्धा होती. सभागृह सजवलं होतं, पाहुणे बोलावले होते आणि निम्मी मुलं तुमचा सामना बघायला पळाली असती. एवढंच कारण. तू नशिबाला दोष देत राहिलीस आणि मी देऊ दिला. बाळा, तू हरली नव्हतीस. तुला पुढे खेळू दिलं नाही ते मी.

जिंकलेल्या संघाची पुढची, जिल्ह्याची फेरी आठ दिवसांनी आहे, आणि तिथे आजोबांची सही चालत नाही, आईचीच लागते. कागद सोबत जोडला आहे. पण निव्वळ सहीसाठी लिहायचं तर मी चार ओळींत उरकलं असतं. तू नाण्याच्या रागाने लेकीला अडवलंस, आणि तो राग माझ्या वाट्याचा आहे. तो मला दे, जितका असेल तितका. तिला मात्र खेळू दे.

तुझाच, तीस वर्षं उशिरा खरं बोलणारा,
बाबा

ता. क. पाकिटाला डिंक लावत होतो तेवढ्यात दाराची घंटा वाजली. नाकतोडा धावत गेली आणि उंबऱ्यातच थिजली. दारात तू! सहीचं विचारायला बाईंनी तुला कालच फोन केला होता आणि सामन्याचंही सगळं सांगितलं होतं म्हणे. तू माझ्याकडे बघतसुद्धा नाहीस, त्यामुळे हे पत्र टपालात न टाकता तुझ्या हातात देणार आहे, तोंडाने सांगायला मला जमणार नाही. खांद्यावरची बॅगही न उतरवता तू तिला विचारते आहेस, “अकरावी किक कुठल्या पायाने मारलीस गं?”