धुराच्या आधीचं

२ मार्च, सोमवार

न्हाणीघराचं दार उघडं ठेवूनच अंघोळ केली. हे बाहेर स्टूल टाकून पहाऱ्याला! म्हणाले, एवढा बंदोबस्त आपल्या लग्नातही नव्हता. मी हसले. पण दार लागलं की श्वास आत जातच नाही, कंपनीतल्या आगीला दोन महिने होऊन गेले तरी.

उद्या समुपदेशक बाईंकडे पहिला तास. आठ तासांचे पैसे कंपनी भरणार. साहेबांनी कागदावर सही घेतली – ‘प्रगतीचा अहवाल कंपनीस द्यावा.’ केली सही. चार बायकांचे प्राण वाचवले म्हणून गळ्यात हार घातला, बक्षिसाचा चेक दिला, तेव्हा तरी मी कुठे काय बोलले होते?

३ मार्च

लिफ्ट सोडून तीन मजले चढले. बाई माझ्याहून लहान. खोलीच्या दाराला झाडाची कुंडी टेकवून ठेवली होती, बंद होऊ नये म्हणून. बरं वाटलं.

आधी दोन बोटं डोळ्यांसमोर इकडून तिकडे हलवली, म्हणाल्या, नजर बोटांमागे फिरू द्या आणि तो दिवस आठवा. मला वाटलं, चुकून डोळ्यांच्या दवाखान्यात आले! आठवायचं काही जमेना. मग म्हणाल्या, दुसरी पद्धत आहे. डोळे मिटून तो दिवस आत्ता घडतोय असा सांगायचा, मोबाईलवर रेकॉर्ड करायचा, घरी रोज ऐकायचा. ऐकून ऐकून भीती झिजते म्हणे. पुढच्या वेळेपासून तेच.

१० मार्च

सांगितलं. ‘धूर येतोय. मी चौघींना ओढत पुढच्या दाराकडे नेतेय.’ घामाने भिजले.

बाई म्हणाल्या, थोडं आधीपासून सांगाल?

मी म्हटलं, आधी काही नाही. आधी आम्ही खोकी भरत होतो.

११ मार्च

इथे लिहिते. इथे कुणाचा अहवाल नाही.

मागचं दार मी लावलं होतं. माल मोजणीत कमी भरायचा, म्हणून साहेबांनी सांगितलेलं – जेवणाच्या सुट्टीनंतर मागच्या दाराला कुलूप, किल्ली तुमच्याकडे. मी सुपरवायझर! तीन महिने इमानेइतबारे लावत होते. किल्ली ॲप्रनच्या खिशात असायची. त्या दिवशी ॲप्रनवर डिंक सांडला. तो काढून खुंटीला टांगला, दुसरा घातला. किल्ली त्यातच राहिली.

आग मधोमध लागली. चौघी माझ्या बाजूला होत्या. चिमणी मागे. बावीस वर्षांची पोर, दिवसभर चिवचिव, म्हणून चिमणी. मागचं दार ती आतून हलवत होती, मला ऐकू येत होतं. मी खिशात हात घातला. खिसा रिकामा. पुन्हा घातला. मग चौघींना घेऊन बाहेर आले.

कंपनीच्या कागदावर आहे – मागचं दार उघडंच होतं, मुलगी सुखरूप बाहेर आली होती, विसरलेला मोबाईल वाजला म्हणून परत आत गेली. खाली साहेबांची सही. साक्षीदार म्हणून माझी.

१४ मार्च

रेकॉर्डिंग पाचव्यांदा ऐकलं. खोटं बोलताना आवाज किती गोड लागतो माझा!

१७ मार्च

जिन्यात चिमणीची आई भेटली. बाईंकडे फी विचारायला आली होती. तासाचे दीड हजार ऐकून परत निघालेली. शिवणाच्या मशीनवर आठवडाभर बसली तरी तेवढे होत नाहीत, म्हणाली. जगलेल्यांचे पैसे कंपनी भरते. मेलेलीच्या आईचे कोण भरणार?

पायरीवर बसली आणि न विचारताच बोलायला लागली. “मीच फोन केला होता गं तेव्हा. तीनदा. येताना माझ्या गोळ्या आण म्हणून. तो वाजला म्हणून पोरगी आत गेली.” आता फोनला हात लावत नाही म्हणे. गोळ्याही घेत नाही.

मी काय केलं? मूग गिळून तिची पिशवी खालपर्यंत पोचवली. शाबास!

१८ मार्च

ह्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, नोकरी जाईल, वर पोलीस. लेकीच्या शिक्षणाची अजून दोन वर्षं आहेत. रागावले नाहीत, तेच वाईट. बोलावं तर घर बुडतं, गप्प बसावं तर ती बाई रोज थोडी थोडी मरते. इकडे आड तिकडे विहीर, आणि मध्ये उभं राहायलाही जागा नाही.

२४ मार्च

बाईंना विचारलं, कंपनीला काय कळवता? म्हणाल्या, किती वेळा आलात आणि कामावर जाऊ शकाल का, एवढंच. खरंही असेल. पण चोराच्या मनात चांदणं! म्हटलं, आजपासून फी माझी मी भरते, कंपनीला बिल पाठवू नका. बक्षिसाचाच चेक वटवलाय. शौर्याचे पैसे असे लागले कामी.

मग डोळे मिटले आणि कुलपापासून सांगितलं. बाई ‘तुमची चूक नाही’ म्हणाल्या नाहीत. त्याबद्दल त्यांचे उपकार. म्हणाल्या, “भीती इथे कमी होईल. बाकीचं कमी होईल का, ते मला सांगता येणार नाही.”

३० मार्च

न्हाणीघराचं दार लावून अंघोळ केली! कडीसकट. सहा दिवस कुलपापासूनचं ऐकतेय, गुण आला खरा. ह्यांनी स्टूल उचलून माळ्यावर टाकलं, खूश होते. मला मात्र आत पाणी अंगावर घेताना रडू फुटलं. मी बरी होणार. पैसे टाकून, पद्धतशीर, बरी होणार. आणि ती?

२ एप्रिल

तिच्या घरी गेले. म्हटलं, मावशी, बाईंकडे जा तुम्ही, फी मी भरते. मशीन थांबवलं नाही तिने. म्हणाली, “ज्याच्या हातून पोर गेली त्याने बरं कशाला व्हायचं?”

ती स्वतःबद्दल बोलत होती. मी चहा पिऊन घरी आले.

४ एप्रिल

सांगितलं. तिच्या समोर बसून – कुलूप, ॲप्रन, सही, सगळं. वाटलं, मारेल, निदान शिव्या तरी देईल. तिने मशीन थांबवलं. मग म्हणाली, “म्हणजे माझ्या फोनमुळे नाही?”

दोनदा विचारलं तिने. मी दोन्ही वेळा नाही म्हणाले.