बुजवलेलं दार

३ जानेवारी २०२५
ग्वाल्हेरला येऊन आठवडा झाला आणि आज घर मिळालं. म्हणजे घराचा नकाशा. माझ्या कॉलेजच्या बदलीची ऑर्डर हातात पडताच नवऱ्यानं, अभिरामनं, हजीरा वस्तीच्या पलीकडे तीस बाय पन्नासचा प्लॉट घेतला. घर बांधून होईतोवर आम्ही दोघं आणि आमची सहा वर्षांची अंतरा दाना ओली नावाच्या गल्लीत भाड्याच्या दोन खोल्यांत आहोत. नई सडकेवर मानसिंगराव नावाचे म्हातारे गृहस्थ घरांचे नक्शे काढतात. त्यांनी तीस-चाळीस जुने कागद पुढ्यात पसरले. त्यातला एक आम्हाला अर्ध्या तासात आवडला: रुंद ओटा, पूर्वेचं स्वयंपाकघर, माझ्या पुस्तकांना सबंध एक भिंत. मी वास्तुशास्त्र मानत नाही, हे आधीच बजावलं. ते म्हणाले, चला, एक झंझट मिटली, आता तुमचा संडास कुठंही चालेल. अभिराम घरी येईपर्यंत हसत होता.

६ जानेवारी
नकाशात एक खोट आहे. ऐन मधोमध सहा बाय सातची खोली, एक दार, खिडकी एकही नाही. अशा खोल्या कशासाठी बांधत, ते मला ठाऊक आहे. महिन्याचे चार दिवस बाईला कोंडायला, बाळंतिणीला अंधारात ठेवायला, विधवेला पाहुण्यांपासून लपवायला! बाईला अंधारात बसवणारं घर हे घर नव्हे, तुरुंग आहे, असं मी पंधरा वर्षं सभांमधून सांगत आले. माझ्याच घरात ती खोली?
मानसिंगराव म्हणाले, भिंती हलणार नाहीत, सगळा भार त्यांच्यावर आहे. मग दार बुजवा, मी म्हटलं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. खोली वापरू नका, कुलूप घाला, पण दार राहू द्या, म्हणाले. का, ते सांगेनात. फार खोदून विचारल्यावर एवढंच म्हणाले की बिनदाराची खोली जागेवर राहत नाही. मी टेबलावरची पांढरी शाई घेतली आणि दार मीच पुसलं. जिना उतरताना अभिराम म्हणाला, सभा जिंकलीस, आता घरी चल.

१५ जानेवारी
आज किंक्रांत. मुद्दाम हाच दिवस निवडला. तुकोजी मिस्त्री कुरकुरला की मॅडम, आज कुत्रंसुद्धा नवीन बिळात शिरत नाही. विटांच्या ढिगावर उभी राहून मी त्याला दहा मिनिटं शुभ-अशुभाचा इतिहास ऐकवला. तो शांतपणे म्हणाला, बहोत बढिया, पण भाषणानं पाया खणत नाही, लाइन टाकू का?
चुन्याच्या फक्कीनं सगळं घर जमिनीवर उतरलं. अंतरा प्रत्येक दारातून आत-बाहेर करत होती, तोंडानं बेल वाजवत होती. मधल्या खोलीचं दार होतं तिथं तुकोजीनं शेवटची रेघ ओढली, तेव्हा ती आत होती. आई, दार नाही, ती ओरडली. आम्ही सगळे हसलो. अगं, उडी मार, मी म्हटलं. तिनं हात पुढे केला. तळवा हवेत टेकला आणि काचेवर दाबावा तसा पांढरा पडला.
अभिरामनं रेघेवरून वाकून तिला उचललं. वाटभर रडत होती.

१७ जानेवारी
अंतरा घरात तीन पावलं चालते आणि थांबते. वळते. पुन्हा तीन पावलं. अभिराम म्हणतो, खेळ असेल. मी टेप लावली. सहा बाय सात.

१८ जानेवारी
डॉक्टर म्हणाले, मनातली भीती आहे. मलाही तसंच वाटायला हवं होतं. आम्ही तिला उचलू शकतो, पण जिथं ठेवू तिथं खोली तिच्याभोवती उभी राहते. आमचा हात आत जातो. तिचा बाहेर येत नाही.
आज मापलं. पाच बाय सहा.

१९ जानेवारी
रेघ पुसली की भिंत गेली, साधा हिशेब. प्लॉटवर जाऊन सगळा चुना पायांनी उधळला. तुकोजी नको नको म्हणत होता.
घरी आले तर अंतरा पाय पोटाशी घेऊन झोपलेली. पाय लांब करता येत नाहीत तिला. आवाजही भिंतीपलीकडून आल्यासारखा.
तीन बाय दोन.

२० जानेवारी
मानसिंगरावांच्या पाया पडले. मी — पाया पडले. ते रागावले नाहीत. म्हणाले, ज्यानं बुजवलं त्यानं आत बसून उघडायचं. आधी होती तिथं खोली आखा. पोरीला तिच्यात ठेवा. मग दार.
उद्या सकाळपर्यंत ती —

२१ जानेवारी, सकाळ
उन्हात लिहिते आहे. तुकोजीनं पुन्हा लाइन टाकली. मी आत, अंतरा मांडीवर. ब्लेडनं नकाशावरची शाई खरवडली. मग दाराच्या जागेवरचा चुना हातानं पुसला. ती उठली. तीन पावलं, चार, पाच — गेली! धावत बापाकडे गेली! मी मोठ्यानं हसले. जरा बसूनच हे लिहिते. आता उठते.

अंतरा परत आली. हातात फक्कीचा डबा. म्हणते, आई, तू तिथंच बस. आत कुणी नसलं की ती खोली माझ्यामागे येते.

नाही गं बाळा, असं काही नसतं — समजावते आहे — हजारांच्या सभा गप्प केल्या मी, पण ही सहा वर्षांची — अभिरामची पाठ आहे इकडे, तुकोजीशी बोलतोय — ती वाकली. दाराच्या जागेवर रेघ अगदी सरळ ओढ