सामान मिळाले, मोजून घेतले

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भांडायला मला अजून तूच लागतेस. घरात दुसरं कोणी ऐकून घेत नाही. नवरा म्हणतो, ऑफिस ऑफिसात ठेव. मुलगी पुण्याला असते, तिला फोन केला की म्हणते, मम्मी, आता रिटायर हो बाई. म्हणून आज रविवारी भरदुपारी, भांडी तशीच ओट्यावर ठेवून, तुला लिहायला बसले आहे. भांडण जुनंच आहे, पलंगांचं. फक्त आता मला नेमकं कोणाच्या बाजूने भांडायचं आहे तेच कळेनासं झालंय.

तू मुलींच्या सरकारी वसतिगृहाची गृहपाल होतीस आणि आपण त्याच आवारातल्या दोन खोल्यांत राहायचो, त्यामुळे तुझं ऑफिस, मुलींची मेस आणि आपलं घर हे सगळं मला एकच वाटायचं. बजेटचा दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हा ते संध्याकाळी पाचला वाचायचे. मेसच्या खिडकीत रेडिओ ठेवलेला, दोन मोठ्या मुली पोळ्या लाटतायत, तू कळमन्याच्या भाजीबाजारातून आलेल्या पोत्यातली वांगी निवडत बसली आहेस. शेजारच्या काकू दारातूनच विचारतात, "काय महाग झालं वं?" त्यांना साबण आणि काकांची सिगारेट, एवढंच ऐकायचं असतं. तू हात वर करून त्यांना गप्प करतेस. तुला अख्ख्या भाषणात एकच गोष्ट ऐकायची असते, मुलींच्या वसतिगृहांचा विषय निघतो की नाही. धरणं येतात, खतं येतात, फौज येते, भाषण संपतं. "आपल्या पोरींचं नावच नाही घेतलं बाप्पा," तू म्हणतेस. मला खरंच वाटायचं, एखाद्या वर्षी दिल्लीतला तो माणूस आपल्या मुलींची एकेक करून नावं घेईल.

मग एका वर्षी विषय निघाला. वसतिगृहांसाठी जास्तीची तरतूद म्हणाला. तू उठून रेडिओचा आवाज मोठा केलास आणि त्या रात्री सगळ्यांना शिरा झाला. मुली फरशीवर चटया टाकून झोपायच्या, त्यांना पलंग मिळणार होते. शिरा आपण फेब्रुवारीत खाल्ला आणि पैसे आले त्याच्या पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये, तेही शेवटच्या आठवड्यात. एकतीस तारखेच्या आत खर्च झाले नाहीत तर परत जाणार. चार दिवसांत एवढे पलंग कोण बनवून देतं? पुरवठादार स्कूटरवरून आला, चहा प्यायला, आणि अगदी समजुतीने म्हणाला, "मॅडम, तुम्ही फक्त सामान मिळालं म्हणून लिहून द्या. पलंग मी जूनपर्यंत पोचवून देतो. सगळे असंच करून राहिले." मी पंधरा वर्षांची, दारात उभी. मला राहवलं नाही. म्हटलं, "आई, करून टाक ना सही." त्या परक्या माणसासमोर तू माझ्यावर ओरडलीस, "तुले काही समजते का? जाय, अभ्यास कर." तो गेल्यावर जवळ येऊन म्हणालीस, "आज पलंगाचं खोटं लिहीन, उद्या तांदळाचं लिहीन. मंग पोरींच्या ताटात काय वाढू, सही?"

पैसे परत गेले. पुढच्या वर्षी तू पुन्हा मागणी पाठवलीस तर वरून उत्तर आलं की मागच्या वर्षी रक्कम वापरलीच नाही, म्हणजे गरज दिसत नाही. ते पत्र तू तीनदा वाचलंस. चष्मा पुसून पुन्हा वाचलंस. त्या हिवाळ्यात मेसमध्ये बारावीतली एक मुलगी ताट पुढे करून तुला म्हणाली, "मॅडम, सही केली असती त काय झालं असतं जी?" तू तिच्या ताटात आणखी एक डाव भाजी वाढलीस आणि पुढे गेलीस. त्या दिवसापासून घरी तू तुझा पलंग सोडलास आणि खाली चटई टाकून झोपायला लागलीस. मला इतका राग आला होता ना. मी म्हटलं, तू खाली झोपल्यानं त्यांची फरशी गरम होते का? मी बोलले ते उद्धटच होतं, पण चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही.

आता मी त्याच खात्यात आहे, फक्त टेबलाच्या पलीकडे. वसतिगृहांचे कागद माझ्याकडे येतात. बजेट आता सकाळी अकराला असतं आणि आम्ही सगळे ऑफिसात मोबाइलभोवती घोळका करून ऐकतो. दर वर्षी काही तरी नवीन महत्त्वाचं ठरतं. कधी शौचालयं, कधी कौशल्य, कधी संगणक, आणि जुन्या योजना नव्या लांबलचक नावाच्या योजनेत विरघळून जातात. मागच्या वर्षी भाषण संपल्यावर आमचे जुने लिपिक, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, त्यांनी विचारलं, "मॅडम, आपली योजना मेली का जिवंत आहे?" मी कागद चाळत म्हटलं, "नाव बदललंय, म्हणजे असेल जिवंत." ते म्हणाले, "मंग ह्या मार्चात पैसे परत जाऊ नका देऊ. एकदा परत गेले का पुढच्या साली ते नावबी नाही राहणार." आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पैसे आले. आई, हसू नको. पलंगांचेच होते.

मी सही केली. कागदावर वाक्य छापलेलंच असतं, सामान मिळाले, मोजून घेतले. काय मोजून घेतलं? हिंगण्याच्या कारखान्यांच्या वसाहतीत आमच्या पुरवठादाराच्या शेडमध्ये तेव्हा नुसत्या लोखंडाच्या पट्ट्या पडल्या होत्या. सही करताना माझा हात असा कापत होता की भाऊंनी पाणी आणून दिलं. मग दर शनिवारी मी हिंगण्याला जाऊन उभी राहायची. तो पुरवठादार शेवटी कंटाळून म्हणाला, "मॅडम, तुम्ही आल्या का माझे वेल्डर काम सोडून तुमच्याकडेच पाहून राहतात." एखादा सांधा कच्चा दिसला की मी तो पुन्हा करायला लावायची. बाईमाणूस वेल्डिंगमधलं काय बोलून राहिली, असं त्यांना वाटत असणार, वाटू दे. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी सगळे दुमजली पलंग पोचले. एकेक हलवून पाहिला, एकही कुरकुरला नाही. तेव्हा कुठे खरंच मोजून घेतले. मुली आल्या तशा वरचा पलंग कोणाचा यावरून भांडायला लागल्या. एक लहानगी चप्पल न काढताच वर चढून बसली, खालीच येईना. आई, मला एवढा आनंद माझ्या लग्नातसुद्धा झाला नव्हता. खोटं काहून बोलू?

आणि तिथूनच माझं डोकं फिरलंय. तू खरं लिहिलंस तर वरच्यांना दिसलं की गरज नाही. मी खोटं लिहिलं तर वरच्यांना दिसलं की सगळं वेळेवर झालं, झकास चाललंय, पुढच्या वर्षीही पैसे मार्चमध्ये पाठवले तरी चालतील. मग दिल्लीत बसून जो हे सगळं ठरवतो, पोरींना आधी पलंग द्यायचे की संगणक, त्याला खरं कळावं तरी कसं? तुझ्या कागदावरून नाही, माझ्याही कागदावरून नाही. तुझा तो स्कूटरवाला पैसे घेऊन पळणारा निघाला असता तर तू बरोबर ठरली असतीस. माझा हिंगण्याचा माणूस पळाला नाही, म्हणून मी बरोबर? हे तर नुसतं नशीब झालं. कधी वाटतं, तुझ्या इमानदारीची किंमत त्या मुलींनी मोजली आणि तुला ते कळत होतं, म्हणून तू खाली झोपलीस. कधी वाटतं, छे, तुला फक्त हट्ट होता. भाऊंना विचारलं तर ते म्हणतात, "मॅडम, पोरी झोपल्या ना नीट? झालं मंग." इतकं सोपं असतं तर तू नसती का केलीस सही? तू तर माझ्यापेक्षा त्या पोरींना जास्त जीव लावायचीस. हो, लावायचीस. मला लहानपणी त्याचाही राग यायचा, आज सांगूनच टाकते.

पण आज लिहायला बसले ते यासाठी नाही. यंदाचा मार्च संपून आठवडाही झालेला नाही. एकतीसला भाऊंनी फायलींचा गठ्ठा आणून ठेवला, सही करायच्या जागी पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या. एक फोन मुंबईचा चालू होता, दुसरा वाजत होता. मी चिठ्ठी दिसेल तिथे सही करत गेले. हात कापला नाही. भाऊंनी पाणी आणलं नाही, चहा आणला, आणि मी तो गरमच प्यायले. काल नवऱ्याचा डबा बांधताना मध्येच आठवलं की त्यात एका लांबच्या वसतिगृहाचा कागद होता. कशाचा होता? पाणी गाळायच्या मशीनचा, गाद्यांचा, की आणखी कशाचा? मला आठवेना. पोळी हातात घेऊन मी कितीतरी वेळ आठवत उभी राहिले. मागच्या वर्षी मला निदान माहीत होतं, मी कोणतं खोटं लिहिते आहे. यंदा मी वाचलंच नाही.

उद्या सोमवारी ऑफिसात गेल्यावर आधी ती फाइल मागवणार आहे. कागद वाचणार, पुरवठादार कोण ते पाहणार, गाडी काढून त्या वसतिगृहाला जाणार. सकाळपासून हेच ठरवते आहे. पण उद्या नव्या वर्षाच्या मागण्या पाठवायची शेवटची तारीख आहे, अकराला बैठक आहे, आणि तुला म्हणून सांगते आई, ती फाइल मागवायला मी विसरले तर मला मनातून थोडं हायसंच वाटेल.