काळ्या रेतीवरची मुरी

राजापेठ, अमरावती
५ नोव्हें. ६१

अकोल्याहून परत. डोळ्यांच्या डॉ.नी बाबांना तपासलं. काचबिंदू. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. गेली ती नजर परत येत नाही आणि उरली ती किती टिकेल, सांगता येत नाही म्हणाले. बाबा बाहेर बाकावर बसलेले. "काय म्हन्ते डागदर?" म्हटलं, थेंब टाकायचेत. "टाकू मंग." एस.टी.त बसल्या बसल्या झोपले. मी खिडकीकडे तोंड करून रडले. अकोटच्या जिनिंग कारखान्यात उभा जन्म पांढऱ्या कापसातली पिवळी कवडी, म्हणजे किडका कापूस, वेचली या माणसानं. बाईमाणसांपेक्षा हात चपळ, नजर तर घारीची. त्याच डोळ्यांना हे व्हावं! कोणावर ओरडू?

८ नोव्हें.

बाबांची काचेची पेटी. मी शिकवते त्या शाळेनं टाकून दिलेली मी आणली, गळती त्यांनीच खिडकीच्या काचांना लावतात ती लांबी लावून बुजवली. आत तीन मुऱ्या. करंगळीएवढा मासा, तळाला राहतो, रेतीत तोंड खुपसून. लोक लाल-सोनेरी मासे पाळतात, आमच्या बाबांना हीच पाहिजे. लहानपणी नाल्यात हातानं धरायचे. रोज संध्याकाळी काचेला नाक लावून बसतात. आज म्हणाले, "मेल्या का वं साऱ्या?" तिन्ही समोरच होत्या. रेती मातकट, मासा मातकट. मी म्हटलं, लपल्या असतील. दुसरं काय म्हणणार.

९ नोव्हें.

सकाळची बुद्धवंदना झाल्यावर काळी घोंगडी अंथरून तिच्यावर हरभऱ्याची डाळ टाकली. बाबांनी दाणा न् दाणा उचलला. "खाली काळं असलं का पिवळं, पांढरं दिसते मले. बाकी सारं धुकं."

म्हणजे पेटीत काळी रेती आणि वर पिवळी मुरी. अशी मुरी असते का पण?

१२ नोव्हें.

असते! बाजारात बारीक मासळीचे वाटे लावून बसणारी सगुणाबाई भोईण म्हणाली, "हजारात एखांदी. पिवळीजरद, हळदीवानी. पन कोन पाह्यते बाई? कालवनात जाते." हसली माझ्यावर. हसू दे. सांगून ठेवलं तिला.

१९ नोव्हें.

अकोला. थोरल्या भावाकडे, दादाकडे. दोन दिवस मोर्णा नदीच्या काठी हिंडले, जाळी ओढणाऱ्यांना गाठलं. एकानं पिवळट म्हणून दाखवली ती मेलेली निघाली. दादा भडकला. "मास्तरीन हायेस का याडी? बाप आंधया होऊन राह्यला आन तू माशाच्या मांगं!" त्याला म्हटलं, तू काय करतोयस ते सांग. वहिनीनं निघताना भाकरी बांधून दिली, वर ठेचा. बिचारी.

२६ नोव्हें.

अकोटकडे सगुणाबाईचं माहेर. तिच्या गावाबाहेर पांढऱ्या मातीची खदान आहे, सारवायला लोक नेतात तिथून. पावसाचं डबकं साचलंय. ती म्हणाली, तिथल्या मुऱ्या साऱ्याच पिवळ्या. साऱ्याच! तिच्याबरोबर गेले, पदर खोचून उतरले. फिकट, साईसारख्या पिवळ्या. चार घेतल्या, डब्यात. एस.टी.भर डबा मांडीवर. कंडक्टर म्हणाला, तूप काय बाई? म्हटलं, हो, तूपच.

२७ नोव्हें.

शाळा बुडवली. रस्त्याच्या कामावरून काळी बारीक गिट्टी आणली, पाणी निवळ येईतो धुतली, पेटीत पसरली. जुन्या तिघी विहिरीत सोडल्या. संध्याकाळी दिवा लावला. बाबा वाकले. काचेला नाक टेकलं. मग एकदम, "थे पाह्य! थे चालली! आन थे दुसरी तिच्या मांगं!" बोट बरोबर मुरीवर. हसले. मी चुलीपाशी जाऊन उगाच लाकडं सारली. एवढं सुख मला नोकरी लागली तेव्हाही झालं नव्हतं.

२ डिसें.

मुऱ्या जरा मळल्यासारख्या. पाणी बदललं.

५ डिसें.

पाण्याचा दोष नव्हे. आणखी काळवंडल्या.

७ डिसें.

चारही काळपट. कालची सगळी रात्र संशयात. एकीला पांढऱ्या एनॅमलच्या तसराळ्यात ठेवलं होतं, आज ती पुन्हा फिकट. खालची जमीन जशी, तसा मुरीचा रंग. खदानीत पांढरी माती म्हणून साऱ्या पिवळ्या. "साऱ्याच" ऐकून नाचले, तेव्हाच कळायला हवं होतं. बाबांना दिसाव्यात म्हणून काळं घातलं आणि काळ्यानंच त्यांना गिळलं. पांढरं घालावं तर पांढऱ्यावर फिकट मासा त्यांना कुठून दिसणार? कपाळ माझं. तसराळ्यातली परत पेटीत सोडली.

बाबांना सांगायचं होतं. संध्याकाळी ते पेटीशी बसले आणि मी दिव्याची वात वर केली.

"आज दोन दिसल्या," म्हणाले.

१० डिसें.

"आज तीन. एक लई फिरून राह्यली." मुऱ्या तेव्हा कोपऱ्यात निपचित. बाबांचं तोंड भलतीकडे.

खोटं बोलतात माझ्यासाठी. की डोळ्यांत पहिल्या दिवसाचंच राहिलंय? विचारायची छाती होत नाही. मी म्हणते, हो बाबा, फार फिरते ती. छान चाललंय बापलेकीचं.

१४ डिसें.

आज बाबांनी चहाचा कप बशीबाहेर ठेवला. पडला, फुटला. बशी पांढरी होती, खाली काळी फरशी. थेंब दोन वेळा टाकतेय, चुकवत नाही. दुखणं वाढलेलं कळतंय. कळू नये असं वाटतं.

१७ डिसें.

सगुणाबाई दारात. तिच्या भावाला पूर्णा नदीच्या काळ्या गाळात एक मुरी सापडली. इतर साऱ्या काळ्या, ही एकटी हळदीसारखी. दोन दिवस मडक्यात काळा गाळ घालून ठेवली तरी तशीच पिवळी. "याले म्हन्तेत पिवळी मुरी. उद्या माह्या माहेरी येऊन घेऊन जा, नाई तं पोट्टे भाजून खातीन."

हीच ती. हजारातली.

ती गेली तशी बाबांजवळ बसले. म्हटलं, उद्या अकोटकडे जाऊन येते, एक चांगली पिवळी मुरी आहे.

"कायले?" हात काचेवर तसाच. "आपल्याजौळ चार हायेत ना. पाह्य कशा पिवळ्याधम्मक. थे पाह्य."

पाहिलं. चार काळ्या मुऱ्या काळ्या गिट्टीवर.

आणली आणि खरंच दिसली तर कळेल, आधीच्या दिसत नव्हत्या. मला कळेल की त्यांना, कोण जाणे. आणि आणून हीही दिसली नाही तर? मग मला काय उरलं शोधायला?

डबा घासून दाराशी ठेवलाय. पहिली गाडी पहाटेची. बाबा विचारताहेत, डबा कायले घासला वं?