परत येणाऱ्यांचं दार

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझ्या पायाचं प्लास्टर एवढ्यात निघत नाही हे कळलं. त्या निमित्तानं भाऊजी चहा करायला शिकले, हे काय कमी आहे? साखर विसरले तरी गोड मानून घे.

बदलीचं हे गाव आईला चांगलंच मानवलंय. बंदराकाठी जुन्या इमारतींची रांगच आहे. दर रविवारी पालिकेची एक बाई त्या हिंडवून दाखवते. जकातघर झालं, तटबंदी झाली. तिथल्या तोफेवरून बोट फिरवून आईनं बाईला विचारलं, की हिची धूळ कोण पुसतं. मंडळी हसली. दीपगृहाच्या जिन्यात मी मध्येच धापा टाकत बसलो. आई वर जाऊन आली आणि म्हणाली, की तुझं वय असतं तर मी दोनदा गेले असते.

येत्या नाही, त्यापुढच्या रविवारी प्रवाशांचा जुना धक्का दाखवणार आहेत. आपला दादा तिथूनच बोटीवर चढला. आईला हे ठाऊक आहे की नाही, मला कळत नाही. विषय काढायची छाती होत नाही. तूच सांग, नेऊ का?

लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.
तुझा
धाकटा

ता. ८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

ठाऊक नाही? अरे खुळ्या, तुझी बदली कळली तेव्हा समुद्राची हवा खायची म्हणून तुझ्याआधी तिचंच सामान बांधून तयार होतं. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

तू लहान होतास. दादा जहाजावर नोकरीला निघाला तेव्हा आई माझ्या बाळंतपणासाठी इकडे अडकली होती. त्याला पोचवायला बाबा एकटेच गेले. काही महिने पत्रं आली. मग कंपनीनं कळवलं, की मधल्या एका बंदरावर तो उतरला आणि जहाज सुटेपर्यंत परतला नाही. संपलं. गेला म्हणावं तर कुणी पाहिलं नाही, आहे म्हणावं तर कशाच्या जोरावर? बाबा होते तोवर आईनं त्यांना धक्क्यावरचं एका शब्दानं विचारलं नाही.

नेऊ नकोस म्हटलं तरी ती ऐकणार आहे का? ने, पण हात सोडू नकोस. मी इथं पाय उशीवर ठेवून छताकडे बघतेय. असली थोरली बहीण असून काय नि नसून काय!

माया आहेच, ती तुझ्या आळसाला पुरून उरेल.
तुझी
ताई

ता. २० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

नेलं. बाई समजावून सांगत होती, की इथं डॉक्टर तपासायचे, इथं नावं पुकारायचे, या कठड्याशी घरची माणसं थांबायची. लोक फोटो काढत होते. आईनं कठड्यावर हात ठेवला. मग तिनं विचारलं, की परत येणारे कुठल्या दारानं यायचे?

बाई म्हणाली, की त्यांच्यासाठी पलीकडे साधी पत्र्याची शेड होती. जपण्यासारखं तिच्यात काही नव्हतं, म्हणून पाडली. आता तिथं गाड्या लावतात. बिचारीनं सहज सांगितलं. मंडळी घड्याळाच्या मनोऱ्याकडे गेली, आई गाड्यांकडे. तिथल्या राखणदाराला तिनं दार कुठं होतं ते विचारलं. ती गाडी शोधतेय असं वाटून त्यानं तिला नंबर विचारला. आई तिथंच कडेच्या दगडावर बसली. अंधार पडेपर्यंत उठली नाही.

तेव्हापासून रोज जेवण झालं की निघते. रागावून झालं, हातापाया पडून झालं. चपला लपवल्या, तर माझ्या घालून गेली. डॉक्टर म्हणतात, डोकं लख्ख आहे. ते तर मलाही दिसतंय.

काल चिडून म्हणालो, की अशानं दादा येणार आहे का? तर शांतपणे म्हणाली, की येणार नाही हे तुझ्याइतकंच मलाही कळतं. पण तो निघाला तेव्हा मी नव्हते, आता येण्याच्या दारात तरी कुणी असावं.

ऑफिस सुटलं की जातो आणि तिच्याशेजारी उभा राहतो. लवकर ये, तूच समजाव.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
धाकटा

ता. २७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

प्लास्टर निघालं. पाय काठीसारखा झालाय, पण टेकतो. आईला इकडेच घेऊन यायचं असं ठरवून काल पिशवी भरायला घेतली. तुझ्या भाऊजींनी विचारलं, की इथं आणून तिला बसवणार कुठं? पिशवी तशीच अर्धी भरलेली आहे.

मी येईन रे, पण समजावायला म्हणून नाही. काय समजावू? माझं बाळ त्या दिवशी झालं नसतं तर, असं आजवर ती एकदाही म्हणालेली नाही.

तू रागावू नकोस. दुपारचं ऊन वाढतंय, तिला छत्री घेऊन दे.

तुझी
ताई