बासिलिसाने केलेला जमीनदार

मोन्तेलारा, १२ मे १९३५

प्रिय कासिल्दाताई,

तू, भावजी आणि छोटी लुसीया मजेत असाल. इकडे सगळे ठीक. ऑलिव्हला मोहर चांगला आलाय. बाबांचा गुडघा अजून धरलेलाच आहे. घोड्यावर बसता येत नाही, म्हणून सगळा राग घरातच निघतो.

आपल्या बासिलिसाने काम सोडलं. तुमच्याच वालेन्सियाला, भाचीकडे निघाली आहे. तुझ्याकडे आली तर स्वयंपाकाचं काम कुठे मिळतंय का बघ. तिच्या हातचं लसणाचं सूप तू विसरली नसशील.

आमच्या शाळेच्या बाईंनी तेलघाण्याच्या कोठारात नाटक बसवलं होतं. जमीनदाराची मुलगी शेतमजुरावर प्रेम करते, बाप तिला कोंडतो, ती विष घेते. मुलगी मी झाले होते. बापाचं काम करायला मात्र गावातला एकही पुरुष तयार होईना. पहिल्या रांगेत आपले बाबा बसणार होते ना! शेवटी बासिलिसा म्हणाली, "माझा आवाज तसाही पुरुषीच आहे. द्या ती टोपी इकडे."

तिला वाचता येत नाही. ती कणीक मळायची, मी वाक्यं म्हणून दाखवायची. आणि ताई, बाबा उत्तर देण्याआधी सुरी रुमालाला कशी सावकाश पुसतात, मग समोरच्याकडे न बघता कसे बोलतात, तेही मीच करून दाखवलं. ती हसून हसून बेजार. "नको गं पोरी, ओळखतील," म्हणाली. मी म्हटलं, "ओळखू देत की!"

ओळखलं. तिने सुरी पुसली आणि मागच्या बाकांवरचे मजूर खो खो हसले. मग मी मेले तेव्हा तेच लोक रडले. बाबा हसले नाहीत, रडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जेवणाच्या खोलीत आम्हा दोघींना बोलावलं. "हिला हे कुणी शिकवलं?"

बासिलिसाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती वाट बघत होती.

मी म्हटलं, "मी तिला नको म्हणत होते, बाबा."

"हो मालक," ती म्हणाली. "माझंच डोकं."

तिने काम सोडलं असं मी वर लिहिलंय, ते खोटं आहे. तिला काढलं. तिचं खोपटं आपल्याच जमिनीवर, तेही रिकामं करायला लावलं. ज्या बाईने आई गेल्यावर आपल्या दोघींच्या वेण्या घातल्या, तिने आपली भांडी गोणीत भरली.

मी तिला भेटायला गेले. माझी शाल द्यायला घेऊन गेले होते. तिने ती हातात घेतली नाही. "नाटकात बापासमोर काय ठणकावून बोललीस गं! कोठार दणाणलं. घरात मात्र 'मी शिकवलं' एवढं एकच वाक्य बोलायचं होतं, पोरी, ते तर कुणी शिकवावंही लागत नव्हतं."

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं.  वाटलं, आता मलाही घालवतील.

ते म्हणाले, "तेव्हाच कळलं होतं. ती सुरी पुसण्याची तऱ्हा माझ्या टेबलाशी बसून जेवणाऱ्यालाच जमेल. पण तुला कुठे घालवू? तुझं लग्न व्हायचंय. लोक हसले म्हटल्यावर कुणाला तरी जावंच लागतं."

"मग तिला परत बोलवा."

"बस. सूप गार होतंय."

नव्या बाईने वाढलं. मी बसले, ताई, आणि संपवलं. भूक होती. बाबांचं न ऐकता तू भावजींबरोबर निघालीस तेव्हा तुझ्या हातात फक्त एक पेटी होती. मला तेव्हा तू मूर्ख वाटली होतीस.

बासिलिसा आली तर माझ्या वतीने माफी मागू नकोस. ती माझ्याबद्दल वाईट बोलणार नाही. त्यावरून तू मला चांगली समजशील, म्हणून हे सगळं लिहिलं.

बाबांच्या छताखाली, त्यांच्याच भाकरीवर राहणारी,
तुझी धाकटी बहीण
एउलालिया